सातूचे कोंब

माझ्या आईचं माहेर आजरा तालुक्यातलं. ते गाव धरणात गेलं तेव्हा मी सहावीत होते. मामांना गडहिंग्लजजवळ पुनर्वसन वसाहतीत प्लॉट मिळाला. ग्रामदैवत पालखीतून आणून नव्या देवळात बसवलं. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचा चौथरा उघडा पडतो आणि आई नारळ घेऊन तिथं जाते. निघताना "येतीस का?" म्हणून विचारते, आणि मी दरवर्षी काही ना काही काम काढत आले. उन्हातान्हात चिखल बघायला कशाला जायचं, असंच मला वाटायचं. मुंडगोडला जाऊन आले आणि ते वाटणं बदललं.

मुंडगोडला नेलं ते एका स्वेटरवाल्या मावशींनी. कोल्हापुरात थंडीच्या दिवसांत तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. या मावशींकडून मी पंधरा वर्षं स्वेटर घेते आहे. आधी हिंदीत बोलायच्या, नंतर गिऱ्हाइकांकडूनच मराठी शिकल्या. आता, "ताई, घालून बघा वो, वजनच न्हाई ह्येला," असं म्हणतात. माल लुधियानाहून उधारीवर आणायचा, दिवाळीनंतर दुकान मांडायचं आणि हंगाम संपला की व्यापाऱ्याचे पैसे फेडून गावी परतायचं. गावी शेती आहे, पण पावसावरची. मका, भात निघाला की हात मोकळे, म्हणून हा धंदा. त्यांचं गाव तिबेटात नाही, हिमाचलातही नाही, आपल्या पलीकडेच कर्नाटकात मुंडगोडला आहे, हे मला फार उशिरा कळलं. यंदा दुकान आवरताना त्या म्हणाल्या, "लोसारच्या आधी या. आईला भेटवते." लोसार म्हणजे तिबेटी नवं वर्ष.

तिबेटी म्हटलं की आपल्या लोकांना धरमशाळा आठवते. देवदारांचे डोंगर, चढावरची दुकानं, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका. पण तिबेटी विद्येची दोन मोठी पीठं गडहिंग्लजहून एका दिवसाच्या अंतरावर आहेत. संकेश्वरला हायवे गाठला. बेळगाव, धारवाड करत हुबळीला उतरले. तिथून मुंडगोड पन्नास किलोमीटरच्या आत. बसमध्ये शेजारी लुगडं नेसलेली एक म्हातारी होती. मी फोनवर बोलत होते ते ऐकून तिनं विचारलं, "तुमी कंचं?" ती गवळी धनगर. कोल्हापूर-साताऱ्याकडून म्हशी घेऊन या जंगलात उतरलेल्या लोकांची नात-पणती. किती पिढ्या झाल्या ते तिला सांगता आलं नाही, पण घरात बोली मराठीच. मी उतरताना तिनं माझा हात हातात घेतला आणि "गावाकडचं मानूस" एवढंच म्हणाली. जे गाव तिनं कधी पाहिलं नव्हतं, त्या गावाकडचं.

मुंडगोडची वसाहत 1966 साली सुरू झाली. मार्च 1959 मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा सरहद्द ओलांडून तवांगकडे आले आणि मागोमाग हजारो माणसं आली. निजलिंगप्पांच्या काळात म्हैसूर सरकारनं त्यांना जमिनी देऊ केल्या. आधी बैलकुप्पे, मग मुंडगोड. इथं सुमारे 4,000 एकर मिळाली, तीही बहुतेक जंगलच. वस्त्यांना नावं न देता नंबर दिले: कॅम्प नंबर एक, दोन, तीन. रिक्षावालाही नंबरच विचारतो. मला मामांची वसाहत आठवली. तिथंही पत्ता सांगताना आधी प्लॉट नंबर येतो, गावाचं नाव मागून.

मठांची नावं मात्र त्यांनी सोडली नाहीत. गांदेन मठ ल्हासाजवळ 1409 साली उभा राहिला, द्रेपुंग 1416 साली. भारतात आलेले भिक्षू आधी बंगालमधल्या बक्सा इथल्या जुन्या तुरुंगछावणीत राहिले. दमट हवेत क्षयानं कितीतरी जण गेले. जे उरले त्यांनी मुंडगोडला येऊन झाडं तोडली, शेतं काढली आणि मठांना जुनीच नावं दिली.

संध्याकाळी मावशींनी मला द्रेपुंगच्या अंगणात नेलं. शेकडो भिक्षू जोडीजोडीनं वाद घालत होते. एक बसलेला, एक उभा. उभा असलेला प्रश्न विचारतो, पाय आपटतो आणि उजवा तळवा डाव्यावर खाडकन मारतो. बसलेल्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आपल्या दुप्पट वयाच्या भिक्षूला अडवत होता. उत्तर चुकलं की आजूबाजूचे सगळे एकदम ओरडत, आणि चुकणारा हसून पुन्हा सुरुवात करी. मी शिक्षिका आहे. प्रश्न विचारण्यात मुलांना एवढा आनंद होताना मी फार थोड्या वर्गांत पाहिलं आहे. गेशे ही पदवी मिळवायला वीस-वीस वर्षं असं शिकावं लागतं. शतकानुशतकं ती पुरुषांपुरतीच होती. डिसेंबर 2016 मध्ये इथेच, द्रेपुंगला, वीस भिक्षुणींना ती मिळाली. हे सांगताना मावशींचा आवाज भरून आला. म्हणाल्या, "आमच्या पोरी, ताई."

त्यांच्या घरी लोसारची गडबड चालली होती. दोन बायका खाप्से तळत होत्या. पीठ लाटून, मध्ये चीर देऊन, पीळ घालून तेलात सोडायचे. आपल्या शंकरपाळ्यांच्याच घरातला पदार्थ. मी न विचारताच पाटावर बसले आणि लाटायला घेतलं. देवघराच्या खिडकीत एका पसरट भांड्यात बोटभर उंचीचे हिरवे कोंब उगवले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "घट बसवलेत की!" मावशींना घट माहीत होते. कोल्हापुरात दसऱ्याला फेटा-टोपीत कोंब खोचतात, हे त्यांनी गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं. "हे पण तसंच," त्या म्हणाल्या. "सातूचे. लोसारला देवापुढे हिरवं पाहिजे."

आमच्याकडे सातूचं पीठ म्हणजे गहू आणि डाळ्यांचं. यांचा सातू खराखुरा, म्हणजे जव. मुंडगोडच्या शेतात तो पिकत नाही, दाणे लडाखहून मागवतात. ज्या शेतात तो पिकायचा, ते त्यांच्या आईंनी शेवटचं पाहिलं चौदाव्या वर्षी.

आई कोपऱ्यात जपमाळ ओढत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या वर. मांडीवर एक लाकडी वाटी. सहा दशकांच्या वापरानं कडा झिजून गुळगुळीत झालेली. त्यांनी तीत भाजलेल्या सातूचं पीठ घातलं, लोण्या-मिठाचा चहा ओतला आणि वाटी डाव्या हातानं फिरवत उजव्या हाताच्या बोटांनी पीठ मळलं. वाटीला कणभरही चिकटू दिलं नाही. एक मुटका माझ्या हातावर ठेवला. खमंग, खारट. घर सोडताना अंगरख्याच्या घडीत आणलेल्या वस्तूंपैकी ही वाटीच आता उरली आहे. रात्री चालायचं, दिवसा खडकाआड बसायचं, असे किती दिवस गेले ते त्यांना आठवत नव्हतं. मग हिमाचलात रस्त्यांवर खडी फोडली. मावशींचा जन्म तिथल्याच तंबूतला. मुंडगोडला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यांनी बर्फातली म्हातारी माणसं एकेक करून नेली.

एवढं ऐकून मला आमचं दुःख सांगायला संकोच वाटला. पण आईंनीच विचारलं, तुमचं गाव कुठलं? मावशी दोन्हीकडचं सांगत होत्या. मी धरणाचं सांगितलं. आईंची माळ थांबली.

"पाणी उतरतं तेव्हा दिसतं?"

"देवळाचा चौथरा दिसतो. मे महिन्यात."

"घरापासून किती वेळ लागतो?"

"तासभर."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिबेटीत काहीतरी म्हणाल्या. मावशींनी लगेच सांगितलं नाही. कढईखालचा गॅस बारीक करून आल्या आणि म्हणाल्या, "आई म्हणते, तासभरच लागतो तर जा. चालता येतं तोवर आईला घेऊन जा."

यंदाच्या मे महिन्यात आईनं विचारायच्या आधीच मी पिशवीत नारळ टाकला. तळ्याचा गाळ वाळून भेगाळला होता. आई चौथऱ्यावरून उतरून सरळ पुढं चालत गेली आणि एका ठिकाणी थांबली. मला तिथं सपाट मातीखेरीज काही दिसेना. "हितं जातं हुतं," ती म्हणाली. "तितं उंबरा. आन् तू हितं रांगलीस." बोटानं दाखवत तिनं अख्खं घर उभं केलं, माजघर, गोठा, परसातली शेवग्याची झाडं, आणि मी तिच्या मागोमाग एकेका खोलीतून फिरत राहिले.