खोटे बोलणारी डबी

गावात मला दोन प्रकारे ओळखतात. कॉलेजच्या निमित्ताने ज्यांचा संबंध आला ते ‘मराठीचे सर’ म्हणतात. उरलेले, म्हणजे बहुसंख्य, ‘ते लिनियावाले’. यांतल्या दुसऱ्या ओळखीचा मला अनेक वर्षे अधिक अभिमान वाटत होता, हे आधीच कबूल केलेले बरे.

करडी हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले गाव. तालुक्याचे ठिकाण वैनगंगेच्या एका अंगाला, आम्ही दुसऱ्या. भाताच्या बांध्या, तलाव, आणि भंडाऱ्याच्या वाटेवर कोक्याचे जंगल, ज्याला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. जंगल संपले, कारध्याचा पूल ओलांडला की भंडारा. आणि तिथून नागपूरकडे जाणारा, पूर्वी सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा व आता ५३ क्रमांकाचा झालेला महामार्ग. माझे आयुष्य बरेचसे या रस्त्यांवर गेले. वाचनाचे वेड मला वडिलांकडून मिळाले, गाडी चालवण्याचे कोणाकडून मिळाले ते सांगता येत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बैलगाडीखेरीज काही हाकलेले नव्हते.

२०१६ मध्ये नागपूरहून जुनी फियाट लिनिया घेतली. १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन, सुमारे ९० अश्वशक्ती. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, हे इंजिन पुण्याजवळ रांजणगावला तयार होई, आणि थोड्याफार फरकाने ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटांच्या व्हिस्टामध्ये आणि आणखी कितीतरी गाड्यांत बसे. भारताचे ‘राष्ट्रीय इंजिन’ असे त्याला थट्टेने म्हणत. १ एप्रिल २०२० रोजी प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि त्याचा काळ संपला. फियाटनेही इथली मोटारविक्री थांबवली. म्हणजे माझ्या दारात उभी आहे ती एका आटोपलेल्या ग्रंथमालेतली प्रत.

गाडी आम्हा सर्वांची म्हणून घेतली होती. आईला नागपूरच्या डॉक्टरांकडे न्यायचे, मुलीला सुटीत मामाकडे सोडायचे, पत्नीला तिच्या शाळेत. पण पहिल्याच महिन्यात कोक्याच्या वळणांवर तिचे स्टिअरिंग हातात बोलू लागले आणि माझ्या मनाने ती परस्पर आपल्या नावावर करून घेतली. रस्त्याचा खडबडीतपणा, चाकाखालची खडी, वळणावर गाडीचे वजन एका बाजूला सरकणे, हे सगळे तळहाताला कळत होते. एक उणीव मात्र खटके. इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या खाली असले की गाडी पेंगत असे. टर्बो चालतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर. इंजिन मंद असेल तर वायू कमी, वायू कमी तर टर्बो सुस्त, टर्बो सुस्त तर सिलिंडरमध्ये जाणारी हवा कमी. दोन हजार ओलांडले की मात्र पाठीत कोणी हात घालून ढकलावे तशी गाडी झेपावे. त्या पेंगण्याचा मला राग येई आणि झेपेची चटक लागली होती.

मग बदल सुरू झाले. आधी हवेचा फिल्टर, मग एक माप रुंद टायर, मग आखूड आणि ताठ स्प्रिंगा. प्रत्येक वेळी खर्चाचा आकडा घरी सांगताना त्यातले एक शून्य मी गाळत गेलो. शेवटी आली ती डबी.

ही डबी काडेपेटीहून थोडी मोठी असते. आजच्या डिझेल इंजिनात सर्व सिलिंडरांना मिळून एक सामाईक नळी असते. तिच्यात इंधन प्रचंड दाबाखाली ठेवलेले असते, आणि तो दाब मोजणारा एक संवेदक गाडीच्या संगणकाला सतत आकडा कळवत राहतो. डबी या दोघांच्या मध्ये बसते. दाब हजार असेल तर ती संगणकाला नऊशे सांगते. संगणक बिचारा म्हणतो, दाब कमी पडला, आणि तो वाढवतो. परिणामी प्रत्येक फवाऱ्यात ठरल्यापेक्षा अधिक इंधन जाते आणि ताकद वाढते. इंजिनाचा एकही भाग बदललेला नसतो. बदललेली असते ती फक्त बातमी.

मी वर्गात ‘अविश्वसनीय निवेदक’ शिकवतो. निवेदक जे सांगतो त्यावर वाचकाने विसंबायचे नसते, त्याच्या सांगण्यातल्या फटींतून खरे काय घडले ते शोधायचे असते, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. तोच मी पैसे मोजून एक अविश्वसनीय निवेदक विकत घेतला आणि आपल्याच गाडीच्या पोटात बसवला, आणि यातला विनोद तीन वर्षे माझ्या ध्यानात आला नाही. आनंद खरा होता म्हणून कदाचित. पहाटे कारध्याचा पूल मागे टाकून मोकळ्या महामार्गावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की जे होई त्याला मी ‘पिकअप’ म्हणत नसे, मनातल्या मनात ‘लय’ म्हणे.

आईला ती लय सोसवत नव्हती. नागपूरला तपासणीला जाताना ती मागच्या सीटवर दोन्ही हातांनी कमरेला आधार देऊन बसे. एकदा जवाहरनगरच्या पुढे म्हणाली, “बापू, सडक तर तेच हाये, मंग हादरे कायले वाढले?” मी म्हणालो, सडकच खराब झाली आहे. आईने खिडकीबाहेर त्या गुळगुळीत चौपदरी रस्त्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीस आले. कंपनीच्या डिझेल गाड्यांतील संगणकप्रणालीला परीक्षा चालू असल्याचे ओळखता येत होते. चाचणीच्या वेळी गाडी सभ्यपणे वागे, रस्त्यावर आली की निकषांपेक्षा कितीतरी अधिक विषारी वायू सोडी. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही प्रणाली होती. भारतातही डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. त्या दिवसांत स्टाफरूममध्ये मी यावर तावातावाने बोललो होतो. पेपर फुटल्याचे आधीच ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याची उपमाही दिली होती.

आणि पुढे मी काय केले? गाडीच्या पीयूसीची मुदत संपली की भंडाऱ्याला जाण्यापूर्वी घराच्या अंगणात बॉनेट उघडायचो आणि डबी काढून ठेवायचो. दोन जोड सोडवायचे, दोन जोडायचे. चहा निवण्याच्या आत काम आटोपे. तपासणी केंद्रावरचा मुलगा नळी लावी, रेस द्यायला सांगे, पडद्यावर धुराचा आकडा येई, गाडी उत्तीर्ण होई. प्रमाणपत्र घेऊन घरी आलो की डबी पुन्हा जागेवर. जर्मनीतल्या अभियंत्यांना त्यासाठी हजारो ओळींची प्रणाली लिहावी लागली. मला एक पान्हाही लागला नाही. असे मी तीनदा केले. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम गाडीतल्या बदलांवर बंधने घालते, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा कडक अर्थ लावला, त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजारांचा दंड आणि कैदेचीही तरतूद केली. हे सारे मी वाचले होते. आपण वाचतो ते आपल्याविषयी असते असे दर वेळी वाटत नाही, ही वाचनाची जुनी मर्यादा आहे.

शेवट झाला तो दंडाने नव्हे.

नोव्हेंबरातली दुपार होती. धानाची कापणी चालू होती. गावाबाहेर भाऱ्यांनी लादलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पुढे चालली होती, तिच्यामागे सायकलींवरून शाळेतून परतणाऱ्या मुली. मी त्यांना ओलांडले, मग ट्रॉलीला ओलांडण्यासाठी पाय पूर्ण दाबला. गाडी झेपावली. आरशात पाहिले तर मागे काळा ढग. जितके इंधन तितकी हवा हवी. हवा अपुरी पडली की न जळालेला कार्बन काजळी होऊन बाहेर येतो. एरवी संगणक हवेचा हिशेब ठेवून इंधन आवरतो, डबीने तो हिशेबच बिघडवलेला असतो. ढगातून सायकली एकेक करून बाहेर आल्या. मुलींनी ओढण्या तोंडावर धरल्या होत्या.

त्यांच्यातली एक आमच्या गल्लीतली. संध्याकाळी ती माझ्याकडे शब्दकोश मागायला आली. कोश हातात घेतल्यावर दारात थांबून म्हणाली, “सर, तुमच्या गाडीचं इंजिन खराब झालं का जी? लय काळा धूर सोडते. आमच्या बाबाच्या ट्रॅक्टरचं असंच झालतं. मिस्त्रीले दाखवा, नाही तर बंद पडन.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उपरोध तर नव्हताच. तिला काळजी वाटत होती. ज्या धुराला मी ताकदीची खूण समजत होतो तो तिने आजाराची खूण म्हणून वाचला होता, आणि तिचे वाचन बरोबर होते. मी म्हणालो, “हो, दाखवतो.” हेही खोटेच. दाखवण्यासारखे काही नव्हते, काढण्यासारखे होते.

त्या रात्री डबी काढली. पुढच्या महिन्यात जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या. नशिबाने त्या गोठ्यात पडून होत्या.

आपल्या समीक्षेत ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकरांच्या नावाशी जोडलेला वाद आपण शिकतो आणि शिकवतो. तरुणपणी मी पहिल्या बाजूचा होतो, आणि आजही निव्वळ आनंदासाठी गाडी चालवण्यात मला काही गैर वाटत नाही. जंगलातले एखादे वळण नेमक्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता घेता यावे, यात कोणाचे काही जात नाही. पण कथा-कवितेचा आस्वाद आणि हा आस्वाद यांत एक भेद आहे, तो मला उशिरा कळला. गाडी चालवणारा पुढच्या काचेतून पाहतो. त्याच्या आनंदाचा जो भाग इतरांच्या वाट्याला येतो तो नेहमी त्याच्या पाठीमागे असतो: मागच्या सीटवर, आणि त्याच्याही मागे, रस्त्यावर.

डबी काढल्यानंतर गाडी पुन्हा पेंगू लागली. पहिले काही आठवडे मला तिचा कंटाळा आला, हे खरे. मग हळूहळू ध्यानात आले की इंजिनाला दोन हजारांच्या वर ठेवणे हे माझे काम आहे. वळणाच्या आधीच गिअर उतरवायचा, पुढची ट्रॉली दिसताच ओलांडायचे की थांबायचे ते ठरवायचे, नाहीतर मागे राहायचे. डबी होती तेव्हा हे काहीच करावे लागत नसे, पाय दाबला की पुरे. म्हणजे ज्या काळात मी स्वतःला मोठा चालक समजत होतो त्या काळात मी कमी चालवत होतो. तरी कधी पहाटे मोकळा महामार्ग दिसला की पाय शिवशिवतो. ती झेप आठवते. ती खोटी होती असे मला म्हणता येत नाही.

डबी अजून टेबलाच्या खणात, जुन्या प्रश्नपत्रिकांखाली आहे. गोंदियाचा एक ओळखीचा मुलगा ती मागतो, बरी किंमत द्यायला तयार आहे. विकली तर तोच धूर गोंदियाच्या रस्त्यावर विकल्यासारखे होईल म्हणून विकत नाही. आणि फेकून देत नाही, त्याचे कारण मला ठाऊक आहे, ते इथे लिहीत नाही, वाचकांनी ओळखावे.

गाडीची १५ वर्षे पुरी होत आहेत. फेरनोंदणीसाठी तिला भंडाऱ्याला तपासणीला न्यावे लागेल. आई म्हणते, मीही येतो, तेवढेच फिरणे होईल. या वेळी निघण्याआधी अंगणात बॉनेट उघडावे लागणार नाही.