मामांची गाडी आणि लिटरला अठ्ठावीस

सीमेवरच्या आपल्या घरांत पाहुणा आला, पाणी पिऊन झाले, की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. मराठी पाहुण्याला विचारतात, "गाडी ॲव्हरेज किती देते?" कन्नड पाहुण्याला विचारतात, "एष्टु कोडतदरी?" खरे उत्तर मात्र दोन्ही भाषांत मिळत नाही.

आमचे मामा उदगीरहून बीदरला येतात. एका बाजूचे सत्तर-ऐंशी किलोमीटर. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. राज्यांची वाटणी झाली आणि आईचे माहेर तिकडे गेले, सासर इकडे राहिले. मामांची एमएच-२४ नंबरची जुनी गाडी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लिटरला अठ्ठावीस देते.

"मांजरेकडच्या उताराला मी इंजिनच बंद करतो."

"आणि पुढे बीदरच्या चढाला?"

"तिथून बहिणीची ओढ असते!"

शेजारचे अण्णा मूळचे कलबुर्गीचे. ते का मागे राहतील? "आमच्या उन्हात पेट्रोल घरी पोचेपर्यंत निम्मे उडते. म्हणून मी पहाटेच भरतो." यावर मामा आपल्या मोडक्या कन्नडात म्हणाले, "सुळ्ळ हेळब्याडरी!"

मी शहाणपणा केला. पंपाची टाकी जमिनीखाली असते, पहाटे भरून काही विशेष पदरात पडत नाही. उतारावर इंजिन बंद केले की ब्रेक जड होतो. नव्या गाड्यांत तर गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पेट्रोल आपोआप थांबते. कोणी ऐकले नाही. आईने चहा पुढे केला.

मामांच्या येण्याचे कारणही ठरलेले. "तुमच्या कर्नाटकात पेट्रोल स्वस्त, टाकी भरायला आलो." जून २०२४ मध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवला, पेट्रोल लिटरमागे सुमारे ३ रुपयांनी महागले आणि तो फरक बराच आटला. तरी मामांचे कारण तेच. लिटरमागे ३ रुपये वाचले असे धरले, तरी ३० लिटरला ९० रुपये. त्यासाठी जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर!

परवा त्यांचा चष्मा आणायला गाडीकडे गेलो. समोरच्या कप्प्यात एक वही होती. तारीख, किलोमीटर, लिटर, सगळे नेटक्या अक्षरात. हिशेब केला तर लिटरला पंधरा. म्हणजे एका खेपेला दहा लिटर, हजारावर रुपये. पेन्शनीतून, दर महिन्याला.

घरात आलो तेव्हा आई नेहमीचेच म्हणत होती, "दादा, एवढा खर्च करून कशाला येतोस रे? फोनवर बोलू की."

मामांनी माझ्या हातातल्या चष्म्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

मी म्हणालो, "खर्च कसला, आई? अठ्ठावीस देते गाडी. आता मीच बघून आलो."

अण्णा म्हणाले, "तीससुद्धा देत असेल."