शेवटचे पंधरा फूट

जून लागला की अमेरिकेत पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो आणि बीव्हर्टनमधल्या मराठी घरांत आईवडील उतरतात. इथला पाऊस ओसरलेला असतो, मुलांच्या शाळा सुटत आलेल्या असतात, रात्री नऊपर्यंत उजेड असतो. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे. समुद्र, गुलाबांची बाग, मल्टनोमाह धबधबा. मग एक सोमवार असा येतो की आम्ही कामावर, मुलं कॅम्पला, आणि आयुष्यभर चार लोकांची कामं मार्गी लावलेली दोन माणसं दिवाणखान्यात मालिकेचे जुने भाग बघत बसलेली. गाडी चालवता येत नाही, शेजारी कुणाकडे सहज जाऊन बसता येत नाही. शनिवारी आपण त्यांना कुठेतरी नेतो, कठड्यापाशी उभं करून फोटो काढतो आणि घरी आणतो. त्यांना इथे बघायला पुष्कळ असतं, करायला काहीच नसतं. मला हे फार लागतं, आणि आमच्या पिढीने याचा नीट विचार केलेला नाही असं माझं मत आहे.

माझे बाबा भूमि अभिलेख खात्यात भूकरमापक होते. वाई, जावळी, खंडाळा या तालुक्यांत शेतांच्या हद्दी मोजण्यात त्यांची नोकरी गेली. तेहतीस फुटी साखळी, प्लेन टेबल, टिपण, फाळणी, हद्दीचे दगड ही त्यांची रोजची भाषा. बांधावरून भांडणारे दोन भाऊ आणि मध्ये उभे बाबा, हे दृश्य मी लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर जाऊन पाहिलेलं आहे. माझ्या लेकीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी आजोबा म्हणजे सकाळी अंगणात फेऱ्या मारणारे आजोबा. मग एका मैत्रिणीकडून तिला जिओकॅशिंगचा, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाचा, नाद लागला आणि ती फोन घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. ‘आजोबा, हे आकडे कसे वाचायचे?’ फोनवर अक्षांश-रेखांश होते. बाबांनी चष्मा लावला, आणि त्या शनिवारची सहल तिथेच ठरली.

या खेळाचा जन्म आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर झाला. अमेरिकन सरकार पूर्वी नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी ती चूक काढून टाकली गेली आणि जगभरातली यंत्रं एका रात्रीत कितीतरी अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थाने पोर्टलंडच्या दक्षिणेला बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल, घेवड्याच्या दाण्यांचा डबा. अट साधी होती: काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत नोंद करा. पहिला शोधणारा दोन-तीन दिवसांतच तिथे पोचला. आज जगभर तीस लाखांच्या आसपास असे डबे लपवलेले आहेत.

फेलोज रोडच्या कडेला त्या मूळ जागी दगडात बसवलेला एक स्मृतिफलक आहे. आम्ही आधी तिथे थांबलो. बाजूला झाडी, समोर शेतं, अधूनमधून जाणारी एखादी गाडी. ४५ अंश १७ मिनिटं उत्तर. ‘आपली वाई अठरा अंशांच्या जरा अलीकडे,’ बाबा नातीला म्हणाले. ‘म्हणजे आपण सत्तावीस अंश वर आलो. दुपारची सावली बघ, तिथल्यापेक्षा लांब पडते की नाही?’ लेक आणि धाकटा दोघंही आपापल्या सावल्या बघू लागले. एरवी आमचं हे घर ‘इंडियापासून लांब’ असतं. किती आणि कोणत्या दिशेला लांब ते त्या रस्त्याच्या कडेला पहिल्यांदाच अंशांत मोजलं गेलं.

तिथून मोलाला, सिल्व्हरटन आणि मग वर डोंगरात सिल्व्हर फॉल्स. इथे पायी फिरायला साडेअकरा किलोमीटरची वाट आहे, दहा धबधब्यांची. बाबांच्या गुडघ्यांना ती झेपणारी नव्हती, म्हणून आम्ही साउथ फॉल्स आणि नॉर्थ फॉल्स हे दोनच निवडले. दोन्हींच्या पाण्यामागून पायवाट जाते.

साउथ फॉल्सची उंची १७७ फूट. माणूस पाण्याच्या मागच्या बाजूला पोचतो तेव्हा बोलणं ऐकू येत नाही, तुषार चेहऱ्यावर बसतात आणि समोरचं रान पाण्याच्या पडद्यातून हलताना दिसतं. आई किती तरी वेळ तिथून हलली नाही. आता हे रान अनादि काळापासून असंच असेल असं वाटतं, पण शंभर वर्षांपूर्वी इथे बुंधेच बुंधे होते. सगळी झाडं तोडून नेलेली. सिल्व्हरटनचा छायाचित्रकार जून ड्रेक याने धबधब्यांचे फोटो काढून ही जागा राखली जावी म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या निरीक्षकाने त्या बुंध्यांमुळेच हा भाग नाकारला. त्याच सुमारास जागेचा मालक तिकीट लावून जुन्या गाड्या साउथ फॉल्सवरून खाली ढकलायचा आणि लोक ते बघायला गर्दी करायचे. १९३३ मध्ये राज्याचं उद्यान झालं, मंदीच्या काळात सरकारी कामावर घेतलेल्या तरुणांनी पायवाटा बांधल्या, दगडी लॉज उभा केला. आज डग्लस फर आणि हेमलॉकच्या खोडांवर शेवाळ आहे, मेपलच्या फांद्यांवर नेचे उगवलेत. तोडलेलं रान एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात पुन्हा उभं राहू शकतं, हे माझ्या मुलांनी डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटत होतं. ड्रेकच्या नावाचाही एक धबधबा इथे आहे, उंचीने अगदी लहान.

आम्ही शोधायला आलो होतो तो डबा इथेच लपवलेला होता. त्याची नेमकी जागा मी सांगणार नाही. तो या खेळाचा शिष्टाचार आहे. दरीत फोनला रेंज नसते, म्हणून लेकीने माहिती आदल्या रात्रीच उतरवून ठेवली होती. फोनवरचा बाण आम्हाला एका वळणापर्यंत घेऊन आला आणि मग भरकटायला लागला. कधी बारा फूट पूर्वेला, कधी वीस फूट मागे. लेक वैतागली. बाबांनी तिला थांबवलं. ‘अगं, उंच झाडं आणि कडे असले की सिग्नल आपटून येतो. यंत्र आपल्याला पंधरा फुटांवर आणून सोडतं. तिथून पुढे डोळे.’ त्यांनी तिला चार दिशांनी लांबून चालत यायला लावलं आणि बाण प्रत्येक वेळी जिथे रोखला गेला तिथे उभं केलं. चार रेषा जिथे एकमेकींना छेदत होत्या, तेवढाच तुकडा शोधायचा. प्लेन टेबलवर आयुष्यभर हेच केलेलं. मग ते म्हणाले, आता जमीन बघू नकोस, माणसाने काय हलवलंय ते बघ.

हलवलेलं आईला दिसलं. झाडांच्या साली सगळीकडे आडव्यातिडव्या पडलेल्या, आणि एका ठिकाणी तीन साली शेजारी-शेजारी, नीट रचलेल्या. ‘हे वाऱ्याचं काम नाही,’ ती म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरात कुणी डबा जागचा हलवला तर तिला लांबूनच कळतं, तशीच ती नजर. सालींखाली हिरवा प्लास्टिकचा डबा होता. शेवाळावर पाय न देता, वाटेवरूनच हात घालून लेकीने तो काढला. वहीत देशोदेशींच्या लोकांची नावं आणि तारखा. खाली बाबांनी देवनागरीत सही केली, आईने केली, धाकट्याने नुकतंच शिकलेलं स्वतःचं नाव काढलं. एक काचेची गोटी आम्ही घेतली, एक लाकडी भोवरा ठेवला, साली होत्या तशा रचल्या. कुणीतरी अनोळखी माणसाने अनोळखी लोकांवर विश्वास ठेवून रानात एक वस्तू ठेवावी आणि वर्षानुवर्षं लोकांनी ती जपावी, याचं मला खरोखर अप्रूप आहे. इथे येऊन मला बरीच वर्षं झाली, पण या समाजाची अशी ओळख मला ऑफिसात कधी झाली नव्हती.

नॉर्थ फॉल्सच्या मागे मोठी कपार आहे. तिथे छताकडे मान वर केली की खडकात गोल, उभी, धुराड्यासारखी भोकं दिसतात. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या भेगांतून निघालेला लाव्हा इथवर वाहत आला, उभ्या झाडांभोवती थिजला, झाडं जळून गेली आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. बाबांनी खडकावर हात ठेवला. ‘हा आपलाच काळा पाषाण.’ बेसॉल्टच तो. सह्याद्रीतला वयाने कितीतरी थोरला, साडेसहा कोटी वर्षांचा. आपल्याकडे घाटात दोन काळ्या थरांमध्ये तांबडा मऊ पट्टा असतो आणि तो आधी झिजतो, हे त्यांनी नातवंडांना सांगितलं. इथेही कठीण थराखालचा मऊ थर पाण्याने झिजत गेला आणि वरचं छप्पर तेवढं राहिलं, म्हणून तर आम्ही कोरडे उभे होतो. धाकट्याने एका भोकाखाली उभं राहून विचारलं, झाड केवढं होतं? बाबांनी दोन्ही हात पसरून घेर दाखवला.

परतीच्या वाटेवर गाडीत डबा लपवण्याच्या नियमांचा अभ्यास सुरू झाला. खणून पुरायचं नाही. जागेच्या मालकाची परवानगी हवी. ठेवणाऱ्याला वरचेवर जाऊन देखभाल करता आली पाहिजे, म्हणून सुट्टीवर आलेल्या पाहुण्याला डबा ठेवता येत नाही. दोन डब्यांत किमान ५२८ फूट अंतर. हा आकडा ऐकून बाबा मागच्या सीटवरून पुढे झुकले. ‘पाचशे अठ्ठावीस म्हणजे तेहतीस फुटी सोळा साखळ्या. बरोबर सोळा!’ त्यांचा आवाज इतका खुललेला मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मग त्यांनी जाहीर केलं की इथे ते पाहुणे असतील, वाईला पाहुणे नाहीत. जमीन स्वतःची, परवानगीचा प्रश्न नाही, देखभाल रोजची. प्लास्टिक तिथल्या उन्हापावसात टिकणार नाही, असं आई म्हणाली. जुना स्टीलचा कडीचा डबा ती देणार होती. खाऊ ठेवायचा नाही, जनावरं येतात, हे लेकीने दोघांना बजावलं.

मोलाला येताच फोनला रेंज आली. वाईला सकाळचे साडेसात झाले होते. बाबांनी माझ्या चुलत्यांना फोन लावला आणि ख्यालीखुशाली न विचारता थेट सुरुवात केली: ‘पूर्वेच्या बांधावरचा हद्दीचा दगड जागेवर आहे ना? जरा जाऊन बघून ये, मी थांबतो.’