महाळुंग्याहून लाइडनला

पुण्याच्या पश्चिमेला, मुळा नदीच्या काठी आमचं महाळुंगे आहे. मुळशी तालुक्यातलं हे गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेलं, तरी पत्ता सांगताना आम्ही अजून ‘गाव’च म्हणतो. शेजारचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं. 2008 मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या आणि देशोदेशीचे खेळाडू आमच्या शिवेवर येऊन गेले. हिंजवडीत कंपन्या आल्या तशी शेतं गेली, उंच इमारती आल्या, आणि त्या बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या वस्त्याही आल्या. जग आमच्या गावात येतं, याची आम्हाला सवय होती. आमच्या घरातली मुलगी आपला अभ्यास घेऊन जगासमोर उभी राहणार, ही गोष्ट मात्र नवी होती.

आमची लेक पुण्यात एमबीबीएस करते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, विद्यार्थ्यांसाठी एक योजना आहे. प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा छोटा अभ्यास करता येतो. तिने विषय घेतला तो बांधकामावरच्या बायकांमधल्या रक्तक्षयाचा. वस्त्या घराजवळच होत्या. कुणी मराठवाड्यातल्या, कुणी बिहारच्या, कुणी बंगालच्या. मराठी आणि उर्दू या घरातल्या दोन भाषांवर तिचं बहुतेक काम भागलं. एका टोचणीने हिमोग्लोबिन तपासायचं आणि आकडा तिथेच चिठ्ठीवर लिहून बाईच्या हातात द्यायचा, असा तिचा नेम होता. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि गरोदर बाईचं 11 च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय मानतात. दिवसभर डोक्यावर विटा वाहणाऱ्या बायका ‘चक्कर तर सगळ्यांनाच येते’ म्हणायच्या, तेव्हा लेक घरी येऊन गप्प बसायची.

या अभ्यासाचा सारांश तिने नेदरलँड्समधल्या लाइडन शहरातल्या परिषदेसाठी पाठवला. लाइडन इंटरनॅशनल मेडिकल स्टुडंट कॉन्फरन्स दर दोन वर्षांनी भरते आणि ती वैद्यकीय विद्यार्थीच भरवतात. निवड झाल्याचं पत्र आलं त्या रात्री घरात कुणाला झोप लागली नाही. सकाळी मात्र हिशेब सुरू झाला. विमान, व्हिसा, राहणं, नोंदणी. शिवाय मुलीने एवढ्या लांब एकटीने जायचं का, हा प्रश्न होताच. म्हणून आम्ही मायलेकींनी मिळून जायचं ठरवलं आणि खर्च दुप्पट झाला.

नातेवाइकांपैकी एकांनी सरळ विचारलं, “एवढ्या पैशांत घरातल्या मोठ्यांचा उमराह झाला नसता का?” प्रश्न खोटा नव्हता. मुलीच्या दादीसाठी वर्षानुवर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकलेले होते आणि त्याच पैशांना हात लागणार होता. उत्तर दादींनीच दिलं. “उमराहची नियत माझी आहे, ती अल्लाह कबूल करील. हिची वेळ निघून गेली तर ती कोण परत आणणार?” मग लेकीकडे वळून म्हणाल्या, “जा बेटी, पण नुसती फिरून येऊ नकोस. काहीतरी घेऊन ये.”

मार्चच्या मध्यात आम्ही निघालो. रमजान तोंडावर आला होता. अॅमस्टरडॅमच्या शिफोल विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. तिथून लाइडन वीस मिनिटांच्या आत येतं. खिडकीबाहेर सपाट हिरवी जमीन, मधून मधून पाण्याचे चर आणि वर ढग. डोंगराचं नाव नाही. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या नजरेला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. लाइडन स्टेशनबाहेर सायकली एवढ्या, की आमच्या शाळेतली सगळी मुलं एकेक घेऊन गेली असती तरी कमी पडल्या नसत्या. वारा मात्र असा बोचरा, की छत्री उघडली की उलटी.

खोलीवर पोचल्यावर पहिलं काम किबला शोधण्याचं. महाळुंग्यात आम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहतो. लाइडनमध्ये किबला आग्नेयेला आहे. मुसल्ला अंथरताना पहिल्यांदा जाणवलं, की आपण मक्केच्या पलीकडच्या बाजूला आलो आहोत. खाण्याची फारशी अडचण आली नाही. नेदरलँड्सने 1964 मध्ये तुर्कस्तानशी आणि 1969 मध्ये मोरोक्कोशी कामगार आणण्याचे करार केले. त्या कामगारांची नातवंडं आता तिथलीच आहेत, त्यांच्या मशिदी आहेत, हलाल मांसाची दुकानं आहेत. डच लोक दुपारी पाव आणि चीज खाऊन भागवतात. दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात ताक मिळालं तेव्हा आम्हाला माहेर भेटल्यासारखं झालं. सोबत नेलेल्या लसणाच्या चटणीने बाकीचं सांभाळलं.

परिषद विद्यापीठाच्या रुग्णालयात होती. ते स्टेशनच्या मागच्या बाजूलाच आहे. विद्यार्थी भाषणं करतात, तक्ते लावून अभ्यास मांडतात, हाताने शिकण्याच्या कार्यशाळा होतात. रुग्णालयात सर्व धर्मीयांसाठी एक शांत खोली होती, तिथे लेकीने जोहरची नमाज अदा केली. आत फक्त नोंदणी केलेल्यांना प्रवेश, त्यामुळे दिवसभर शहर आमचं आणि संध्याकाळी तिच्या तोंडून परिषद आमची.

तिच्या तक्त्याची पाळी दुसऱ्या दिवशी आली. तपासायला आलेल्या बाईंनी आकडे पाहिले, पद्धत विचारली, मान हलवली. मग विचारलं, “या बायकांना तुमच्या अभ्यासातून काय मिळालं?” लेकीने खरं ते सांगितलं. प्रत्येकीला तिचा आकडा मिळाला, जवळच्या सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला गेल्यावर निम्मी वस्ती उठलेली होती. इमारत पूर्ण झाली की माणसं दुसऱ्या कामावर जातात. कुणी कुठे गेलं ते मुकादमालाही माहीत नसतं. बाई म्हणाल्या, “मग तुमचा पुढचा अभ्यास हाच आहे.” संध्याकाळी हे सांगताना लेकीचा आवाज जड झाला होता. त्यांच्या बोटातलं रक्त आपण इथवर आणलं आणि त्या बायका कुठे आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

त्या दिवशी आम्ही एकट्याने बुरहाव्ह संग्रहालय पाहून आलो होतो. लाइडनचं विद्यापीठ 1575 चं. स्पेनच्या वेढ्यात हे शहर उपासमार सोसून टिकलं, 1574 मध्ये वेढा उठला आणि त्यानंतर ऑरेंजच्या विल्यमने शहराला विद्यापीठ दिलं. अठराव्या शतकात हेरमान बुरहाव्ह नावाचे वैद्य इथे शिकवत. छोट्याशा रुग्णालयात बारा खाटा, सहा पुरुषांच्या आणि सहा बायकांच्या. रोग्याच्या खाटेपाशी उभं राहून ते विद्यार्थ्यांना शिकवत आणि ते शिकायला सगळ्या युरोपातून तरुण येत. संग्रहालय त्याच जुन्या रुग्णालयाच्या जागेत आहे. म्हणजे परदेशी वैद्यकीय विद्यार्थी या गावात तीनशे वर्षांपासून जमत आहेत. आपण ज्याला ईसीजी म्हणतो, ते हृदयाचे ठोके कागदावर उतरवणारं यंत्रही याच गावच्या प्राध्यापक आइंटहोवेन यांचं. 1924 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

वाचक भगिनींना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लाइडनमध्ये 1613 मध्ये एरपेनियस हे अरबीचे प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी त्यांचं अरबी व्याकरण छापलं गेलं. त्यांचे शिष्य गोलियस मोरोक्को आणि शाम मुलखात जाऊन हस्तलिखितं घेऊन आले. इस्तंबूलमधले डच वकील वार्नर 1665 मध्ये वारले, तेव्हा त्यांनी जमवलेली सुमारे हजार हस्तलिखितं या विद्यापीठाला मिळाली. औषधी वनस्पतींवरच्या एका जुन्या ग्रीक ग्रंथाची 1083 मध्ये लिहिलेली अरबी प्रत इथेच जपलेली आहे. ज्यांना आपल्या मराठी इतिहासात वलंदेज म्हणतात आणि ज्यांची वखार वेंगुर्ल्यात होती, तेच हे लोक. व्यापाराच्या जहाजांबरोबर त्यांनी किताबांचाही शोध घेतला. आम्ही ग्रंथालयाची इमारत बाहेरूनच पाहिली, पण बराच वेळ पाहिली. अभिमान वाटला आणि रुखरुखही लागली. लिहिणारे आपले आणि सांभाळणारे हे.

रात्री लेकीला हे सांगितलं तेव्हा तिने इब्न अन-नफीस यांची गोष्ट काढली. दमिश्कमध्ये शिकलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या हकीमांनी तेराव्या शतकात लिहून ठेवलं, की रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जातं आणि तिथून डाव्या कप्प्यात येतं. युरोपात हार्वे यांचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ आला तो 1628 मध्ये. पण इब्न अन-नफीस यांचं म्हणणं आधुनिक जगासमोर आलं ते 1924 मध्ये. जर्मनीत शिकणाऱ्या मुहीउद्दीन तातावी या इजिप्तच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला बर्लिनच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित सापडलं आणि त्यावर त्याने आपला प्रबंध लिहिला. परदेशी शिकायला गेलेल्या एका मुलाने आपल्याच घरची हरवलेली वस्तू शोधून काढली.

“अम्मी, तो ते घेऊन परत आला. मी काय घेऊन जाऊ?” लेकीने विचारलं.

शेवटच्या दिवशी इंडोनेशिया, सुदान आणि पोलंडच्या मुलींबरोबर तिने फोटो काढून घेतला. तो पाहताना आम्हाला फिलाडेल्फियाचा 1885 चा एक जुना फोटो आठवला. त्यात स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन परदेशी मुली आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. जपानच्या केई ओकामी, दमिश्कच्या सबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई जोशी. आनंदीबाई 1883 मध्ये कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा नवरा सोबत नव्हता आणि टीका करणारे पुष्कळ होते. मार्च 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांचा विभाग त्यांची वाट पाहत होता. पण त्या आजारी होऊनच परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षंही पूर्ण होण्याआधी, पुण्यात वारल्या. शिकलेलं आपल्या माणसांना परत देण्याची संधी त्यांना मिळाली नाही. आमच्या मुलींना ती आहे, ही केवढी नेमत आहे!

इल्म ही अमानत आहे, असं आपण मुलांना शिकवतो. अमानत म्हणजे ज्याची त्याला परत करायची वस्तू. परतीच्या विमानात लेकीने यावरच विचार केला. बायका एका जागी राहत नाहीत, तर कागद त्यांच्याबरोबर जायला हवा. गावी आल्यावर तिने प्राध्यापकांशी आणि दवाखान्यातल्या परिचारिकांशी बोलून एक छोटं कार्ड तयार केलं. त्याच्यावर तारीख, हिमोग्लोबिनचा आकडा, दिलेल्या गोळ्या आणि पुढच्या तपासणीची वेळ लिहायची. मागच्या बाजूचा मजकूर लिहिण्याचं काम आमच्याकडे आलं. सोप्या मराठीत आणि सोप्या हिंदीत लिहिलं: गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचास काळं झालं तर घाबरू नका, गोळी बंद करू नका. नव्या गावात गेलात तर हे कार्ड तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वर्गातल्या मुलांनी चित्रं काढली.

रमजानच्या पहिल्या आठवड्यात लेक नव्या वस्तीवर गेली. पन्नास कार्डं दिली. त्यातली किती कुठे पोचतील, सांगता येत नाही. पण ईदनंतर वाकडच्या एका बांधकामावरून एक बाई स्वतःहून दवाखान्यात आली आणि तिने पदराच्या गाठीतून कार्ड काढून दाखवलं. त्या दिवशी लेकीने दादीला फोन केला आणि म्हणाली, “दादी, तुम्ही सांगितलं होतं ते आणलं.”

ज्यांच्या घरी मुली वैद्यकीय शिक्षण घेत आहेत, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. संशोधनाच्या योजनांची माहिती मुलीला पहिल्या वर्षापासूनच प्राध्यापकांकडून घ्यायला सांगा. युरोपच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि कागद जमवायला वेळ जातो, म्हणून तयारी काही महिने आधी सुरू करा. महाविद्यालयाकडून प्रवासासाठी मदत मिळते का, हेही विचारा. आईने किंवा वडिलांनी सोबत जावं की मुलीने मैत्रिणींबरोबर जावं, हे प्रत्येक घराने आपल्या परीने ठरवावं. पण खर्चाच्या वहीत मुलीच्या इल्मसाठी एक ओळ आधीपासून असू द्यावी.

दादींच्या उमराहचे पैसे आम्ही पुन्हा जमवतो आहोत. या वेळी डब्यात पहिली रक्कम लेकीने आपल्या विद्यावेतनातून टाकली. इन्शाअल्लाह, तोही प्रवास होईल.