आत्याचं मृत्युपत्र आणि बाहेरचा बाक



चातुर्मास लागला की आमची आत्या दरवर्षी परिग्रहाचं प्रमाण थोडं कमी करते. साड्या वाटून झाल्या, भांडी वाटून झाली. यंदा म्हणाली, "आता घराचं लिहून ठेवते."

आत्या 81 वर्षांची. शाळेत शिकवून, स्वतःच्या पगारातून तिनं इतवारीतलं हे दोन खोल्यांचं घर घेतलं. मूलबाळ नाही, आतोबा कधीच गेले. तिचं दुखणंखुपणं मी बघते, म्हणून घर आपोआप माझ्याकडे येईल असं मी धरून चालले होते. वकिलांनी तो भ्रम पहिल्या पाच मिनिटांत घालवला. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकमाईसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे आत्याच्या सासरच्या पुतण्यांकडे. ते वर्षातून एकदा येतात.

मी तयारीनं गेले होते. मजकूर मीच टाइप केला होता. साक्षीदार म्हणून आमचे हे आणि शेजारच्या 78 वर्षांच्या काकू. वकील म्हणाले, "ताई, जिला घर मिळणार तीच लिहिते आणि तिचाच नवरा साक्षीला! पुतण्यांना आणखी काय हवं?"

मला राग आला. सही आत्याची, बुद्धी शाबूत, मग भीती कसली? तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 1959 चा वेंकटचल अय्यंगार खटला सांगितला. ज्याला मोठा लाभ आहे त्यानंच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, तर ती संशयाची जागा ठरते. तो संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर.

आणि खरा कागदसुद्धा भांडण थांबवतोच असं नाही. पुण्याचे बाबा महाराज ऑगस्ट 1897 मध्ये वारले, मृत्युपत्र झालं ते अगदी मृत्यूच्या तोंडावर. विश्वस्तांमध्ये लोकमान्य टिळक, आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे! तरी दत्तकावरून त्यांच्या विधवा पत्नीशी, ताई महाराजांशी, वाद पेटला. टिळकांवर फौजदारी खटलाही झाला. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागला 1915 साली.

म्हणून आमचा कागद पुन्हा पहिल्यापासून. दोन साक्षीदार हवेत आणि आत्यानं सही केलेली दोघांनीही पाहिलेली हवी. मजकूर त्यांना ठाऊक असण्याची गरज नाही. पुढे वाद झाला तर त्यातल्या एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं, म्हणून काकूंऐवजी पाठशाळेतली तरुण शिक्षिका घेतली. दुसरे आत्याचे डॉक्टर. त्यांनी त्याच दिवशी तपासून, ती पूर्ण भानावर असल्याचा दाखलाही दिला. पुतण्यांना वगळायचं असेल तर कारण तिच्याच शब्दांत लिहा, असं वकिलांनी सांगितलं. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही. तरी आत्यानं नोंदणी केलीच. शिक्षिका ना!

या सगळ्यात मी बाहेर बाकावर. आतून आत्याच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा फार वाटलं की उठून जावं. मी तिला रोज गोळ्या देते आणि तिच्या सहीच्या वेळी मला दाराबाहेर बसवलं! जपमाळ काढली, पण सगळं लक्ष दाराकडे. मन घरातच अडकलं होतं, हे इथं कबूल करते.

नोंदलेला कागद आत्याच्या कपाटात, बंद पाकिटात आहे. माझ्या टाइप केलेल्या मजकुरातलं त्यात किती राहिलं, मला माहीत नाही.

क्षमावाणीला आत्यानं थोरल्या पुतण्याला स्वतः फोन केला. "मी मृत्युपत्र केलंय रे. मन दुखावलं तर क्षमा कर." मग माझ्याकडे वळून हात जोडले, "तूही क्षमा कर गं."

मी "उत्तम क्षमा" म्हटलं आणि तिच्या गोळ्या काढायला गेले.