रंगांची वही

पानगळीची रंगीत छायाचित्रे तुम्ही दिनदर्शिकांवर पाहिली असतीलच. डोंगरउतारावर पसरलेले लाल, केशरी, पिवळे अरण्य, खाली निळे तळे आणि तळ्यात पडलेले त्या साऱ्या रंगांचे प्रतिबिंब! ही चित्रे बहुधा थंड देशांतील असतात. तेथे ऑक्टोबरच्या सुमारास दिवस लहान होऊ लागतात, थंडी पडू लागते आणि झाडे हिवाळ्याच्या तयारीला लागतात. पानांतील हरितद्रव्य विरून जाते. त्याच्याखाली दडलेला पिवळा रंग मग उघडा पडतो. काही झाडांच्या पानांत त्याच वेळी लाल द्रव्यही तयार होते. तो सारा थाट निरोपाचा असतो.

ती चित्रे पाहून आमच्या पनवेलच्या मुलांना वाटते, आपल्याकडे असे काहीच नाही. ऑक्टोबरात आमच्याकडे भाताची शेते पिवळी होतात, बांधांवरचे गवत सोनेरी होते, उकाड्याने जीव नकोसा होतो. रान मात्र हिरवेच्या हिरवेच राहते. हे खरे आहे. परंतु ज्याला आमच्या रानाचा रंगोत्सव पाहावयाचा आहे, त्याने आश्विनात नव्हे, तर माघ-फाल्गुनात घराबाहेर पडावे आणि कर्नाळ्याची वाट धरावी.

पनवेलहून पेणच्या रस्त्याने निघाले की वाटेत शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली याच गावी झाला. तेथून पुढे गेले की अंगठ्यासारखा उभा राहिलेला कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या कड्यांना मधमाश्यांची मोठमोठी पोळी लोंबत असतात. तेथे आरडाओरडा करणाऱ्याची गय होत नाही! किल्ल्याच्या पायथ्याचे रान १९६८ साली पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आले. मुंबईसारख्या महानगराच्या उंबरठ्यावर, रात्रंदिवस वाहणाऱ्या महामार्गाला लागून, एवढे रान शिल्लक राहिले ही मला आजही नवलाची गोष्ट वाटते.

या रानात मी प्रथम कॅमेरा घेऊन गेलो, तेव्हा मी इयत्ता सातवीत होतो. कॅमेरा माझ्या मामांचा होता. साधी काळी पेटी, पुढे एक भिंग, आणि आत बारा चित्रांची फिल्म. फिल्म महाग असे; ती धुऊन घेण्यासही पैसे पडत. त्यामुळे बारा चित्रे म्हणजे बारा विचार असत. हल्लीच्या मुलांच्या हातांत भ्रमणध्वनी असतो आणि ती एका माकडाची चाळीस चित्रे सहज काढतात. त्यांचा मला हेवा वाटत नाही असे नाही. पण चाळिसांतील एकही चित्र त्यांना आठवत नाही, आणि माझी बाराच्या बारा चित्रे आजही माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

त्या दिवशी पायवाटेच्या वळणावर एक कुसुंब उभा होता. पायापासून शेंड्यापर्यंत लाल! उन्हाच्या तिरिपीत प्रत्येक पान पेटलेल्या वातीसारखे दिसत होते. शेजारी एक हिरवेगार आंब्याचे झाड होते. मी दोन्ही झाडे एका चौकटीत घेतली आणि श्वास रोखून कळ दाबली. आठ दिवसांनी चित्र हाती आले. त्यात कुसुंब करडा होता, आणि आंबाही करडा होता. कृष्णधवल फिल्मला रंग ठाऊक नसतो; तिला ठाऊक असतो केवळ उजेड आणि अंधार. त्या लालाने आणि त्या हिरव्याने भिंगात जवळजवळ सारखाच उजेड पाठविला होता. मी हिरमुसलो. मामा हसून म्हणाले, "अरे, कॅमेऱ्याला जे येत नाही ते तू कर. रंग लिहून ठेव."

त्या दिवसापासून माझी रंगांची वही सुरू झाली. डाव्या पानावर चित्राचा क्रमांक, उजव्या पानावर रंग. लवकरच माझ्या ध्यानात आले की 'लाल' हा शब्द फार तोकडा आहे. पळसाचे फूल लाल म्हणावे तर ते शेंदरी; पांगाऱ्याचे फूल लाल म्हणावे तर ते कुंकवासारखे; काटेसावरीचे फूल गुलाबीकडे झुकलेले. मग मी घरातले आणि बाजारातले शब्द गोळा करू लागलो. डाळिंबी, अबोली, विटकरी, गुलबक्षी, मातकट, राखी, मोरपंखी, पोपटी. आजीच्या लुगड्यांच्या रंगांची नावे तर मला एखाद्या शब्दकोशासारखी उपयोगी पडली. एकाच कुसुंबाच्या नोंदी मी काही दिवसांच्या अंतराने केल्या आहेत. प्रथम डाळिंबी, मग तांबडा, मग तांबूस, मग पोपटी. आणि पुढे साधा हिरवा. जो कुसुंब आज पाहून 'पुढच्या रविवारी चित्र काढू' असे म्हणाल, तो पुढच्या रविवारी तसाच भेटेल याची खात्री नसते.

मुलांनो, या नोंदींतूनच मला एक गोष्ट उमगली. थंड देशांतील लाल पान म्हातारे असते. आमच्या कुसुंबाचे लाल पान नुकतेच जन्मलेले असते. आमची झाडे बर्फाला भिऊन पाने टाकीत नाहीत. पावसाळा सरल्यावर जमिनीतील ओल हळूहळू आटते. पानांवाटे पाणी सारखे हवेत जात असते. तेव्हा पाणी वाचविण्यासाठी साग, पळस, सावर ही झाडे आपला पर्णभार उतरवून ठेवतात. आणि मौज अशी की ऊन तापत असतानाच, पावसाला अद्याप अवकाश असताना, कुसुंबाला नवी पालवी फुटते. या कोवळ्या पानांत हरितद्रव्य पुरते भरलेले नसते. लाल द्रव्य मात्र भरपूर असते. ते कोवळ्या पानांचे कडक उन्हापासून रक्षण करते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. तुमच्या अंगणातील आंब्याची तांबूस पालवी, पिंपळाची गुलाबी पालवी यांची गोष्टही अशीच आहे. म्हणून कर्नाळ्याचा रंगोत्सव हा निरोपाचा नसून बारशाचा आहे.

पानझडीच्या दिवसांत छायाचित्रकाराची एक सोय होते आणि एक गैरसोय. सोय अशी की निष्पर्ण फांद्यांवर पक्षी स्पष्ट दिसतात. काटेसावर फुलली की मधासाठी मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची तेथे पंगत बसते. आणि कोठेतरी उंच शेंड्यावर तांबट आपली न संपणारी टुक्‌टुक् करीत असतो. गैरसोय अशी की सागाची वाळलेली पाने पायांखाली पापडासारखी मोडतात. एक पाऊल टाकले की साऱ्या रानाला वर्दी जाते. तेव्हा चालणाऱ्याला चित्र मिळत नाही, बसणाऱ्याला मिळते. झाडाच्या बुंध्याशी टेकून अर्धा तास हालचाल न करता बसावे. मग उडालेले पक्षी परततात, वानरे खाली उतरतात, आणि आपण तेथे आहोत हे रान हळूहळू विसरते.

जुन्या काळी चॅम्पियन नावाचे एक वनाधिकारी होते. त्यांनी याहून नामी युक्ती काढली होती. वाघाच्या वाटेवर ते एक तार बांधून ठेवीत. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की लखकन उजेड होई आणि चित्र निघे. वाघाने आपले छायाचित्र आपणच काढावयाचे, आणि चॅम्पियनसाहेबांनी घरी झोपावयाचे! या चित्रांचे त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. ज्या काळात साहेब लोक वाघावर बंदूक रोखीत होते, त्या काळात या गृहस्थाने कॅमेरा रोखला.

कर्नाळ्याचे रंग पालवीबरोबर संपत नाहीत. वैशाख संपून मेघ दाटू लागले की ते पक्ष्यांच्या अंगावर चढतात. नवरंग याच सुमारास येतो, आणि तिबोटी खंड्याही. खंड्याच्या बहुतेक जातभाईंना चार बोटे असतात. याला तीनच, म्हणून हा तिबोटी. आकार जेमतेम चिमणीएवढा. चोच पोवळ्यासारखी, पोट हळदीसारखे, डोक्यावर जांभळट झाक, पंख निळसर काळे. एवढासा जीव, पण त्याच्यासाठी माझ्या वहीचे अख्खे पान खर्ची पडले आहे. पावसाने माती मऊ झाली की ओढ्याकाठच्या दरडीत तो बीळ खोदतो आणि त्यात अंडी घालतो. पिले निघाली की नर-मादी दोघेही त्यांना सापसुरळ्या, बेडक्या, लहान खेकडे आणून भरवितात.

काही वर्षांपूर्वी श्रावणात मी डोंगराच्या पायथ्याशी, अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एका ओढ्यावर गेलो होतो. तेथे सात-आठ माणसे तिकाट्या रोवून बसली होती. त्यांच्या कॅमेऱ्यांना हाताएवढी लांब दूरवेधी भिंगे होती. बिळापुढे लोंबणारी वेल आणि नेचे कोणीतरी खुडून टाकले होते. चित्र स्वच्छ यावे म्हणून. तिबोटी समोरच्या फांदीवर बसला होता. त्याच्या चोचीत सापसुरळी होती. तो बिळाकडे झेपावे, अर्ध्यावरून वळे आणि पुन्हा फांदीवर बसे. प्रत्येक झेपेबरोबर कॅमेऱ्यांचा कडकडाट होई. असे किती वेळ चालले होते कोण जाणे.

एवढ्यात जवळच्या ठाकरवाडीतील एक म्हातारा गुरे वळवीत तेथे आला. क्षणभर त्याने पाहिले, आणि तो सरळ तिकाट्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"पाखरू घरात शिरत नाय, सायेब. जरा मागं सरा."

"आजोबा, एकच फोटो," एकजण म्हणाला.

"त्याच्या चोचीत घास हाय. आत पोरं उपाशी हायेत."

कोणी काही बोलले नाही. एकाने आपली तिकाटी उचलली, मग दुसऱ्याने. सगळे ओढ्याच्या पार, करवंदीच्या जाळीमागे येऊन बसले. म्हाताऱ्याने खुडून पडलेल्या वेलीचे ताणे गोळा केले आणि दरडीच्या वरच्या कडेला दगडाखाली दाबून ते पूर्वीसारखे खाली सोडले. मग तोही आमच्यात येऊन बसला. पाऊस पडत होता. माझा कॅमेरा पिशवीत होता आणि पिशवी छत्रीखाली होती. वीस मिनिटे गेली असतील. हिरव्यातून एक केशरी रेघ ओढल्यासारखी झाली आणि वेलीआड नाहीशी झाली. फांदी रिकामी होती. म्हातारा उठला आणि गुरांमागे निघून गेला.

त्या दिवसाच्या नोंदीत डाव्या पानावर चित्राचा क्रमांक नाही. उजव्या पानावर पोवळे, हळद, जांभळट, निळसर काळा असे चार रंग आहेत, आणि वेलीचा हिरवा.

पंधरवड्याने मी पुन्हा गेलो, तेव्हा बीळ शांत होते. म्हातारा वाटेतच भेटला. "दोन पोरं उडाली, गुरुजी," तो म्हणाला. दरडीवर नवे नेचे उगवू लागले होते.