घाईचा घास

उतारवयात घास जपून खावा लागतो, हे मुक्या प्राण्यालाही लागू आहे. आमच्या भोजनगृहामागे राहणारा म्हातारा मोती मात्र भाकरी न चावता गिळतो, खोकतो आणि कधी सारे ओकून टाकतो. हा हावरटपणा नव्हे; अनेक वाटेकऱ्यांत जगलेल्या भुकेची ती सवय आहे. घाईने गिळताना अन्नाबरोबर हवाही पोटात जाते. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून पीळ पडण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. पोट टम्म फुगून नुसतेच उमासे येऊ लागले, तर तत्काळ पशुवैद्य गाठावा.

आम्ही मोतीचा आहार दिवसातून तीन ठरलेल्या वेळांत विभागला. भिजवलेली भाकरी परातीत पसरली, मधोमध गिळता न येणारा मोठा, गुळगुळीत गोटा ठेवला आणि इतर कुत्र्यांना दूर राखले. भूक एकाएकी वाढण्यामागे मधुमेहासारखा आजारही असू शकतो, म्हणून तपासणीही करून घेतली. आता तो गोट्याभोवती फिरत सावकाश खातो.

वसतिगृहात नव्याने आलेली काही मुलेही आरंभी अशीच घाईने जेवतात. आम्ही त्यांना रागावत नाही. उद्याचे ताट निश्चित आहे, ही खात्री पटली की त्यांचा घास आपोआप सावकाश होतो.